डावीकडे दोन बोटं

सोमवार, ३ जून. सकाळी ९.१०
आजपासून नवं पर्व. वाचनालयाच्या जिन्याखालचा काचेचा फलक मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांनी, माझ्या ताब्यात दिला. नाव ठेवलं ‘मोकळा फलक’. नियम एकच, माझ्या हिरव्या शाईत: कोणीही काहीही लिहावे, भावना दुखावल्या म्हणून कोणताही कागद काढला जाणार नाही. खाली माझी सही. किल्लीही माझ्याकडेच. स्वातंत्र्याला कुलूप असलेलं बरं, जिन्याखाली वारा फार येतो.

दुपारी ४
पहिला कागद माझाच. आमच्या बाइंडरच्या धर्मातले एक संत म्हणे फळीवर बसून समुद्र ओलांडून आले. मी लिहिलं, वाटेत तिकीट तपासनीस भेटला नाही म्हणून संत, भेटला असता तर फुकट्या प्रवासी. दोघे हसले. तिसऱ्याने चष्मा आणला नव्हता.

मंगळवार, ४ जून
बाइंडरने वाचला. हा तळघरात बसून फाटकी पुस्तकं आणि ऑफिसच्या फायली शिवतो. अकरा वर्षं दुपारचा चहा आम्ही बरोबर घेतो. वाचून हसला. जरा जास्तच हसला. एवढं हसण्यासारखं त्यात काही नाही, मला माहीत आहे, मीच लिहिलंय. दाल में कुछ काला.
मग म्हणाला, मजकूर छान, पण साहेब, डावीकडे दोन बोटं जागा सोडत जा, नाहीतर पुढेमागे फाइल करताना अक्षरं शिवणीत जातात. अकरा वर्षं हेच ऐकतोय. मी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहितो. मोकळा माणूस आहे. पण आज ‘पुढेमागे’ म्हणाला. त्याच्या डोक्यात पुढचं काहीतरी शिजतंय.

गुरुवार, ६ जून
वॉचमनने आपण होऊन सांगितलं (मी दोन चहा पाजल्यावर) की बाइंडर विचारत होता, साहेब किती वाजता निघतात. मागच्या गेटने निघालो. लांबून, बसस्टॉप चुकवून. हिने विचारलं, उशीर का. म्हटलं, विचारस्वातंत्र्याची किंमत मोजतोय. ही म्हणाली, येताना दूध आणायचं होतं.

शुक्रवार, ७ जून
बाइंडरच्या हातात सुरी. कागद कापायची आहे, मान्य. पण धार नेमकी आजच का लावली? चहाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. तर त्याने चहा वर पाठवला, आलं घालून. कुंडीत ओतला. सोमवारपर्यंत झाडावर लक्ष ठेवायचं.

सोमवार, १० जून
झाड टवटवीत आहे. हे जास्त संशयास्पद.
दुपारी बाइंडरने जिन्यात गाठलंच. आठवडाभर मला शोधत होता म्हणे. फलकावर लावायला एक कागद होता आणि किल्ली माझ्याकडे. घेतला. डावीकडे दोन बोटं समास, फूटपट्टीने आखलेला. न वाचताच लावला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मंगळवार, ११ जून
वाचला.
आमचे पूज्य गुरू बारा वर्षं नुसत्या हवेवर जगले, हे जगाला ठाऊक आहे. बाइंडरने लिहिलंय, की शिष्यांनी विचारलं, मग रोज ताटातलं गोड कोण संपवतं? गुरू म्हणाले, इथली हवाच फार गोड आहे.
फलकापाशी गर्दी. माझ्या कागदाला नव्हती एवढी. मोठ्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. दोनदा, सगळ्यांना दिसेल असं.

संध्याकाळी
आईचा गुरूंवर फार जीव. तिला जपून सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, अरे, माझ्या आजीलाही हाच प्रश्न पडायचा. आई भोळी आहे. आपल्या भावना दुखावल्यात हे तिच्या लक्षातच येत नाही. तिच्या वतीने आता मलाच दुखावून घ्यावं लागणार.

बुधवार, १२ जून
रात्रभर विचार करून फरक सापडला. माझा विनोद जलवाहतुकीवर होता. त्याचा श्रद्धेवर आहे.

गुरुवार, १३ जून
बाइंडरचा कागद काढून कपाटात ठेवला. काढला नाही, ठेवला. उन्हाने शाई उडते. जिन्याखाली ऊन येत नाही, हे मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. कागद परत लावला. टाचणी बोटाला लागली. बाइंडरने लगेच चिकटपट्टी आणून दिली. या गोडव्यामागे काय आहे?

शुक्रवार, १४ जून
तक्रारपेटीत अर्ज टाकला. निनावी. खाली फक्त ‘एक दुखावलेला वाचक’. हिरवी शाई नाही, निळी. अक्षर डाव्या हाताने. पान गच्च भरलं, मनातलं सगळं उतरलं. शेरलॉकचा बाप आला तरी पत्ता लागणार नाही. आणि हे मी केलेलंच नाही, समाजाने माझ्याकडून करून घेतलं.

बुधवार, १९ जून
भलतंच झालं. धर्माबद्दलची लेखी तक्रार वरच्या ऑफिसला पाठवावीच लागते म्हणे. वरून आदेश: फलक बंद. आणि बाइंडर करारावर आहे, करार ३० तारखेला संपतो, तो पुढे वाढवायचं थांबवलं. मी हे मागितलं नव्हतं. (अर्जात ‘कडक कारवाई’ असे शब्द आहेत. पण अर्ज लिहायची ती पद्धतच असते.)

शुक्रवार, २१ जून
बाइंडरला विचारलं, तुझा कोणावर संशय? म्हणाला, कोणावर नाही. मग म्हणाला, धाकटीचं कॉलेज या वर्षी सुरू व्हायचं होतं. चहा पुढे केला. आज प्यायलो. आलं बरोबर पडलं होतं. अर्धा कप तसाच ठेवून उठलो.
मोठ्या बाईंना सहज म्हणून विचारलं, अशी तक्रार मागे घेता येते का. म्हणाल्या, तक्रारदाराने येऊन स्वतःच्या सहीने लिहून दिलं की तासाभरात करार वाढवून घेते. ३० ला रविवार, तेव्हा शनिवारी पाचपर्यंत. सहज विचारलं असं पुन्हा एकदा सांगून बाहेर आलो.

सोमवार, २४ जून
निर्धार पक्का. उद्या सरळ जाऊन सांगायचं. मर्दासारखं.

मंगळवार, २५ जून
मोठ्या बाई मीटिंगमध्ये. (अकरा ते बारा. मी दोनला गेलो होतो. पण मीटिंगचा दिवस होता एवढं खरं.)

गुरुवार, २७ जून
खरंच डोकं दुखलं. रजा.

शुक्रवार, २८ जून
बाइंडर वर आला. जायच्या आधी सगळ्या फायली शिवून देतोय. तक्रारींची फाइल माझ्या टेबलावर उघडली. माझा अर्ज. त्या वाचकाचा. डाव्या कडेला त्याने पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती, दोन बोटं रुंद, आणि शिवण त्या पट्टीतून घातली होती.
म्हणाला, साहेब, या इमारतीत कडेपासून कडेपर्यंत लिहिणारा माणूस एकच आहे. किती वेळा सांगितलं. नाव नसलं तरी अक्षरं जायला नकोत, वाचता यायला हवीत, म्हणून पट्टी जोडली.
रागावला नव्हता. मी त्याच्या चेहऱ्यावर राग खूप शोधला. मग त्यानेच विचारलं, उद्या शेवटचा चहा, येताय ना?

शनिवार, २९ जून. सकाळी ११
तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथा जमला. हिरवी शाई, उजवा हात.

दुपारी ४
चहाला गेलो नाही. अर्ज देऊनच जाऊ म्हटलं, तोंड दाखवायला बरं. मोठ्या बाई खोलीत आहेत. एकट्या. दार उघडं आहे. दोनदा दारावरून गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, काही काम होतं का. म्हटलं, छे, पाय मोकळे करतोय.

५.२०
तळघराला कुलूप. वॉचमन म्हणाला, बाइंडर पाचपर्यंत दोन कप घेऊन बसला होता. जाताना माझ्यासाठी फूटपट्टी ठेवून गेला, लाकडी, त्याची स्वतःची.
लावून बघितली. माझ्या अर्जाचा समास अगदी सरळ आलाय, वरपासून खालपर्यंत दोन बोटं. एकही अक्षर शिवणीत जाणार नाही. खाली सही करायची तेवढी राहिली.