भाचीच्या बधिर हाताचा नमुना मिळणेबाबत

प्रति,
मा. जैवसुरक्षा अधिकारी,
मुख्य इमारत, तळमजला

विषय : प्रयोगशाळेचे सील काढणे व आजारी सहायिकेच्या हाताचा नमुना घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपण माझ्या दारावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, मी जिवाणू-विष प्रयोगशाळेचा प्रमुख असून हा अर्ज माझ्याच प्रयोगशाळेबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून लिहीत आहे. येणारेजाणारे माझ्याकडे बघून हळूच हसतात, याचीही नोंद व्हावी.

आम्ही एका रोगकारक जिवाणूच्या विषाचे जनुक काढून निरुपद्रवी जिवाणूत बसवतो, म्हणजे तो बिचारा आमच्यासाठी विष तयार करत राहतो. शुद्ध केलेले हे विष परीक्षानळीत ढिम्म काही करत नाही. यावरून ते निकामी असल्याचे मी जाहीर केले व दुहेरी हातमोज्यांचा नियम रद्द केला. आपण नोटिशीत यास ‘बेपर्वाई’ म्हटले आहे. तो शब्द माझ्या जिव्हारी लागला.

सदर सहायिका माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. तिने पूर्वी सुचवले होते, “मामा, नळीत माणसाच्या पेशींचा अर्क घालून बघू या ना. त्यातलं एखादं प्रथिन या विषाला जागं करत असेल.” नसती उठाठेव करू नकोस, असे मी तिला चारचौघांत सुनावले. पुढे तिच्या हातात नळी फुटली, तळवा कापला आणि संध्याकाळपर्यंत उजवा हात कोपरापर्यंत लुळा व बधिर पडला. म्हणजे विष निकामी नव्हते. आपल्या पेशीतले प्रथिन भेटेपर्यंत दबा धरून बसले होते. हा शोध मला तिच्या खाटेशेजारी लागला. तो आपलाच असल्याचे ती म्हणते, परंतु तिला ताप आहे.

ते प्रथिन नेमके कोणते, हे त्या हाताच्या स्नायूतूनच कळेल. लहानसा तुकडा पुरे. हात अनायासे बधिर असल्याने भूल देण्याचाही व्याप नाही. परंतु डॉक्टर उतारा देण्यासाठी विषाची माहिती मागत असून, नमुना हाती येईपर्यंत ती मी गोपनीय ठेवली आहे. बहिणीला हे समजावले असता ती म्हणाली, “दादा, तू माणूस आहेस की कोण?” प्रश्न विषयाला धरून नसल्याने मी उत्तर दिले नाही.

संमतीपत्र जोडले आहे. भाचीला पेन धरवत नाही, सबब ती झोपलेली असताना तिच्या बधिर अंगठ्यास मीच शाई लावून ठसा घेतला. जागी झाल्यावर तिने अंगठा पाहिला आणि भिंतीकडे तोंड केले. मला वाईट वाटले. तथापि तिने नकारही दिलेला नाही.

तातडीचे कारण असे की, आज सकाळी मी टाचणी टोचून पाहिली, तेव्हा तिची करंगळी हलली. विषाचा असर आपोआप ओसरू लागला आहे. घरातली सगळी माणसे आनंदाने रडली. मी मात्र घाईने इकडे आलो. हात पूर्ण बरा होण्याआधी परवानगी मिळावी. ते न जमल्यास निदान सील तरी काढावे. विष आत शिल्लक आहे, आणि तिचा डावा हात अद्याप उत्तम आहे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
प्रयोगशाळाप्रमुख तथा मामा
दि. १९ मार्च