खताला कोरडी खोली

३ एप्रिल
जेवताना मामाजींनी विषय काढला. "काऊन बे रवी, औंदा खत नाई भरायचं का? अखजी त आली."
मामाजी, माझे सासरे, दरवर्षी अखजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आत खत घरात आणून ठेवतात. मग जूनमध्ये दुकानांपुढे रांगा लागल्या की ओट्यावर बसून त्या बघतात. तेवढं त्यांचं सुख.
माझ्या नवऱ्यानं, रवीनं, ताटातून मान वर केली नाही. "पाहू."

४ एप्रिल
खामगावला ऑफिसला निघताना, गाडी पुसता पुसता रवीनं सांगितलं. शेत या वर्षी ठोक्यानं, ठरीव रकमेवर, भास्करभाऊंना कसायला द्यायचं. त्यांच्या शेताचा धुरा, बांध, आपल्याला लागूनच. नोकरी करून पेरणी होत नाही, आणि हिवाळ्यात लकव्याचा झटका आल्यापासून मामाजींचा उजवा हात असून नसल्यासारखा. सगळं खरं.
"तू सांग त्याईले. तुयं ऐकतात."
म्हणजे खत भरू नका, एवढंच सांगायचं. बाकीचं त्यांना कळेल.
सांगितलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलेली माझी कथा काढून बसले. अर्धीच आहे. दोन ओळी खोडल्या.

९ एप्रिल
मागच्या कोठ्याचं टिन गळतं. गेल्या वर्षी खालच्या थैल्यांचा दगड झाला होता. मोगरीनं फोडावा लागला. तेव्हा आता जागा कुठली? मामाजी म्हणाले, "तुयी खोली कोरडी हाय ना?"
माझी खोली. टेबल, पुस्तकं, एक खिडकी.
मामाजी काठी टेकत आले. सवयीनं उजवा तळवा भिंतीला लावला आणि बराच वेळ तसेच उभे. मग हळूच, "तू लाव पाहू हात. मले कयत नाई याच्यानं."
लावला. कोरडी आहे, म्हटलं.
"खालतून पाय. ओल खालतून चढते."
वाकून पाहिलं. खालीही कोरडी.
"पुस्तकाईले नाई लागली ओल, त खताले काय लागते?" म्हणत माझ्याच खुर्चीत बसले, खूश होऊन.
तेव्हाच सांगायला हवं होतं. ते अजून माझ्या हाताकडे बघत होते.

१५ एप्रिल
रवी : सांगितलं?
मी : नाही.
"मंग कई सांगतं? खत आल्यावर?"
रागात नव्हता. दमलेला होता. भास्करभाऊंना अखजीला शब्द द्यायचाय.
खत घेतलं तर रवीला कोंडीत धरल्यासारखं. थांबलो तर जूनमध्ये डीएपी खत मिळेल न मिळेल, आणि मग शेत आपोआप भास्करभाऊंकडे. थांबणं हेही उत्तरच. फक्त ते कुणी दिलं, ते दिसत नाही. मला तेच सोयीचं वाटतंय की काय...

२४ एप्रिल
मामाजी सकाळीच धुतलेलं धोतर नेसून तयार. "चाल पोरी, दुकानापर्यंत." मी सोबत गेले. रवीला फोन केला नाही.
दुकानदार गजाननभाऊ : "या काका, तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. आताच घ्या. मिरग लागला की थैलीसंगं हे टॉनिकची बाटली बी घ्या लागते, नाई त थैली नाई."
"तुया बाटलीनं कपाशी नाई वाढत, तूच वाढतं," मामाजी म्हणाले. दुकानातले सगळे हसले.
मग आधारच्या मशीनवर अंगठा, त्याशिवाय खत मिळत नाही. उजवा लागेना. पुसून पुन्हा. डावा. तोही नाही. मामाजी अंगठा धोतराला पुसतच राहिले. हसू गेलं होतं.
"घासला काका तुमचा अंगठा कामानं. वहिनीचा लावा ना."
कुणी जबरदस्ती केली नाही. मी आधारचा नंबर सांगितला, अंगठा ठेवला. लगेच लागला.
"घ्या. शेतकरी बदलला," गजाननभाऊ म्हणाले.
"बदलू दे. घर तेच हाय."
परत येताना ऑटोत थैल्यांवर हात ठेवून बसले होते. मी रस्त्याकडे बघत होते.

२४ एप्रिल, संध्याकाळी
पुस्तकं बैठकीत, कॉटखाली. टेबल व्हरांड्यात. खोलीत फळ्यांवर थैल्या, भिंतीपासून वीतभर दूर, वरून प्लॅस्टिक.
रवी दारात उभा राहून बघत होता. "कोणाच्या अंगठ्यावर आलं?"
"माझ्या."
"हं."
हातपाय धुताना म्हणाला, "आता पेरणार बी तूच का?"
टोमणा होता. पण त्याला उत्तरही हवं होतं. मी टॉवेल पुढे केला.

अखजी
पितरांचं पान वाढलं. मग मामाजींनी सगळ्यात वरच्या थैलीला हळदकुंकू लावलं, डाव्या हातानं. वाकडं गेलं, ओघळ पार शिवणीपर्यंत.
दुपारी भास्करभाऊ आले. आंब्याचा रस घेतला. शब्द मागितला. रवी : "थांबा जरा."
"थांबतो. पण लवकर सांगजा भाऊ. मले बी खत भरा लागते. तुमच्याच्यानं आतापावतर हात लावला नाई कशाले."
त्यांचंही खरं. अंगठा ठेवताना भास्करभाऊ माझ्या डोक्यातच नव्हते. मामाजी आत झोपले होते. झोपले होते असं वाटलं.

१४ मे
ऊन. व्हरांड्यात दुपारी लिहवत नाही. कथा तिथेच.
मामाजी रोज खोलीत जाऊन थैली अंगठ्यानं दाबून येतात. "मोकळं हाय." आज म्हणाले, "खालच्या थैल्या मधात एकडाव वर घ्या लागतात. नाई त बसते खत. रवीले सांगजो."
स्वतः नाही सांगितलं. ठोक्याचं त्यांना माहीत आहे, असं मला आता वाटतं. विचारत नाहीत. मीही नाही.
रवीला निरोप दिला. "पाहू." तोच सूर.

३ जून
आभाळ येतं, जातं. बाजारात डीएपी नाही म्हणतात. मामाजी ओट्यावर.
दुपारी मी शब्दकोश शोधत होते. कॉटखाली नव्हता, म्हणून खोलीत गेले. प्लॅस्टिक नव्यानं खोचलेलं. वरच्या थैल्यांना हळदकुंकू नाही. वाकून पाहिलं. वाकड्या ओघळाची थैली सगळ्यात खाली, फळीला टेकलेली. भिंतीपासूनची वीत तशीच राखलेली.
मला एक थैली हलत नाही. मामाजींचा प्रश्नच नाही.
रात्री जेवायला तिघे. थैल्यांचा विषय मी काढला नाही. भास्करभाऊंचा फोन आला, तसा रवी उष्ट्या हातानंच उठून ओट्यावर गेला. दार ओढून घेतलं. ऐकू आलं नाही.
मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.
मी रवीच्या ताटात आणखी एक भाकर वाढून ठेवली.