झोडलेलं भात

टाकवे बुद्रुक
ता. ६ जानेवारी १९६९

चि. द्वारका हीस आजीचा आशीर्वाद.

इकडं समदं ठीक, तुझा बाप सोडून. काल कामशेतच्या बाजारात त्याला अंबाजी भेटला. लोणावळ्याच्या शाळेत फोटोच्या विषयाला पोरं-पोरी अंधाऱ्या खोलीत दार लावून बसत्यात, असं त्यानं सांगितलं. अंबाजीच्या तोंडाला झाकण न्हाई आणि तुझ्या बापाच्या कानाला न्हाई. दत्तोबा घरात आला तो चप्पल न काढताच म्हणाला, अकरावी बास झाली, पोरीला घेऊन येतो. पवनेकडची माणसं तुला बघायला यायचीत, त्यांच्या कानावर गेलं तर तोंड कुटं लपवू, म्हणतो.

मी त्याला म्हटलं, आधी मी जाऊन बघते, मग काय ते कर. आठ दिसांची सवड दिलीया त्यानं. तवा खरं काय ते लिही. गणित सोडून हा अंधाराचा विषय कुणाच्या डोक्यातनं निघाला?

खोटं लिवलंस तर माझ्यासारखी वाईट मीच. बाकी माया हाय तशी हाय.

सरुबाई

लोणावळे
ता. ९ जानेवारी १९६९

ती. आजीस द्वारकाचा शि. सा. न. वि. वि.

खोली अंधारी असते, हे खरं आहे. फिल्मवर उजेड पडला की चित्र मरतं, म्हणून दार लावतात. आत सर असतात, आम्ही दोघी मुली असतो आणि बाकी मुलगे. सगळ्यांचे हात औषधाच्या पाण्यात. वास असा येतो की तू पदर नाकाला लावशील.

फोटोचा विषय मार्कांत धरतात. फेब्रुवारीत परीक्षक येतील. आपण काढलेली, आपणच धुतलेली चित्रं त्यांना दाखवायची. मी चित्रांसाठी भात हा विषय घेतलाय. नाताळच्या सुट्टीत शाळेचा कॅमेरा आणून आबा खळ्यावर पेंढ्या आपटून भात झोडतात त्याचे फोटो काढले होते, ती फिल्म सोमवारी धुणार. झोडणी आता पुढच्या हंगामातच, त्यामुळे माझी सगळी परीक्षा त्या एका फिल्मवर आहे.

तू जरूर ये. फक्त दार उघडण्याआधी हाक मार. इथं घरी हौशीराममामा म्हणतो, हे लिहू नकोस, आजी बरोबर उलटं करील.

आबांना समजाव. तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत.

तुझी,
द्वारका

लोणावळे
ता. १४ जानेवारी १९६९

ती. आजीस शि. सा. न.

आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस, म्हणून थोडंच लिहिते.

फिल्म पूर्ण काळी झाली. आबा नाहीत, खळं नाही, काही नाही. काल तू दार ढकललंस तेव्हा सरांनी ती नुकतीच डब्यातून काढली होती. बाहेर बसलेल्या मुलीनं तुझा हात धरला होता, असं ती सांगते. तू तिला बाजूला केलंस.

सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. चित्रं नसतील तर परीक्षेला बसू देता येणार नाही, एवढंच म्हणाले. आबांना आता मला न्यायला कारणही शोधावं लागणार नाही. तू मुद्दाम केलंस का, एवढं मला लिही.

द्वारका

टाकवे बुद्रुक
ता. २० जानेवारी १९६९

चि. द्वारका हीस आशीर्वाद. तिळगूळ मामाकडं ठेवलाय, रुसवा काढून खा.

मुद्दाम न्हाई. पण हाकबी मारली न्हाई. हाक मारून आत गेले असते तर तुझ्या बापानं माझ्यावर इश्वास ठेवला असता का? म्हणाला असता, तुला बघून समदे सावरून बसले. मी एकदम दार ढकललं आणि बघितलं. पोरं हात भिजवून उभी, तू कोपऱ्यात, मास्तर खाली वाकलेला. दुसरं काय नव्हतं. हे मी दत्तोबाला देवापुढं सांगितलं. त्याला पटलं. पण पटलं आणि वर म्हणतो, फिल्म गेली ती बरीच झाली, आता पोरगी घरी येईल.

मग माझं डोकं फिरलं. गंजीतनं पेंढ्या वढल्या, खळ्यावर आणल्या, पदर खोचला आणि झोडायला लागले. झोडलेलंच भात पुन्हा. दाणा एक पडंना. बायडाबाई बांधावरनं इचारती, मावशी, काय झालं? मी म्हटलं, माझ्या नातीची झोडणी मी बुडवली, ती भरून देतीया. घटकेत आळी गोळा. तुझी आई हात धरती, मी झटकती. तुझा बाप गोठ्यातनं आला, लालबुंद. पेंढी माझ्या हातातनं हिसकली. मी म्हटलं, तू झोडशील तर मी थांबते. लोक बघत होते. मग म्हणाला, येऊ दे तिला कॅमेरा घेऊन. परीक्षा होईस्तवर पवनेवाल्यांना मी थोपवतो.

मास्तरला आधीच सांग, की पेंढ्या रिकाम्या हायत. नापास केलं तर खऱ्यावर कर म्हणावं.

तवा येत्या रविवारी ये. तुझा बाप रिकामी पेंढी घेऊन खळ्यावर उभा ऱ्हाईल, आळी बांधावर बसल, फिदीफिदी हसल. तू तेवढी हसू नको. तू हसलीस तर तो पेंढी टाकून घरात जाईल, आणि दुसऱ्यांदा त्याला बाहेर काढायची ताकद माझ्यात न्हाई.

सरुबाई