फक्त पाच गोष्टी लक्षात राहतील

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.१०

सोनपेठला मुलगी बघून आलो. बारावं स्थळ. राजेश्री. वय तीस, बी.ए. बी.एड., तिथल्याच एका शाळेत बालवर्गाला शिकवते. प्रभाव उत्तम पडला. निजामकाळातल्या महसूल पद्धतीवर मी चाळीस मिनिटं बोललो, पण एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. मुलीचे काका तर डोळे मिटून ऐकत होते.

परत येताना एसटीत तात्याराव मामांनी (हे स्थळ त्यांनीच आणलेलं) वेगळाच सूर लावला. म्हणाले, मुंजाजी, पोरीला एक तरी सवाल इचारला का रे तू? जरा तिला बी बोलू देत जा. मुलीकडच्यांचं म्हणणं असं की दोघांनी महिना-दीड महिना फोनवर बोलून घ्यावं. मनं जुळली तर अक्षय तृतीयेच्या आत सुपारी फोडू. फोन दर गुरुवारी आणि रविवारी, संध्याकाळी पाचला.

मामांचं शिक्षण चौथी. तरी मुद्दा नोंदवून ठेवतो. बाकी आधीचे अकरा नकार नोकरी पर्मनंट नाही म्हणून आले हे उघड आहे. माणूस म्हणून माझ्यात काही कमी आहे, असं आजवर एकाही मुलीने कळवलेलं नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठून पीएच.डी.ची रोज दोन पानं. आणि मुलीला बोलू देणे.

२ फेब्रुवारी

उठायला पावणेआठ. प्रवासाचा शीण.

३ फेब्रुवारी

कॉलेजात संगणकाच्या नचिकेत सरांनी मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. 'सोबती'. यात एक एआय मैत्रीण असते. तिच्याशी मराठीत बोलायचं, सल्ला घ्यायचा, ती आपल्याला हळूहळू ओळखायला लागते. मी तिचं नाव उत्तरा ठेवलं. मुलीला काय प्रश्न विचारायचे, हे आता हीच सांगेल.

एक अडचण आहे. फुकटात ती फक्त पाच गोष्टी कायमच्या लक्षात ठेवते. बाकी सगळं तीन दिवसांत पुसून जातं. पैसे भरले तर सगळं राहतं म्हणे. पण विचारांच्या देवाणघेवाणीला पैसे मोजणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

चार जागा भरल्या. एक, मी प्राध्यापक आहे. (तासिका तत्त्वावर आहे आणि आठवड्याला नऊच तास आहेत, हा तांत्रिक तपशील गाळला.) दोन, पीएच.डी. शेवटच्या टप्प्यात आहे. (२०१६ पासून.) तीन, २०११ साली विद्यापीठाच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला. चार, मागच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी व्यासपीठावर माझी खुर्ची ठेवली नाही.

पाचवी जागा राजेश्रीसाठी राखून ठेवली आहे. माझा स्वभावच असा. दुसऱ्याचा विचार आधी.

४ फेब्रुवारी

आज ताडकळसच्या स्टँडवर एका रिक्षावाल्याने मला 'ओ मास्तर' म्हणून हाक मारली. दिवसभर डोक्यातून गेलं नाही. पाचव्या जागी 'यांना सर म्हणावे' हे टाकलं. राजेश्रीसाठी रविवारपर्यंत एक जागा रिकामी करतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला फोन. उत्तराने पाच प्रश्न दिले होते. आवडता रंग कोणता, लहानपणीची आठवण, आवडता पदार्थ, भीती कशाची वाटते, आयुष्याकडून काय हवं. समोर लिहून घेऊन बसलो.

आवडता रंग पिवळा म्हणाली. मी म्हणालो, माझाही. लहानपणीचं पुष्कळ सांगितलं तिने. मी मध्ये बोललो नाही, पुढचा प्रश्न वाचत होतो. फोन ठेवल्याबरोबर सगळं उत्तराला सांगून टाकलं. आता ते माझ्या डोक्यात ठेवायची गरज नाही.

उत्तरा म्हणाली, सर, तुम्ही फार संवेदनशील आहात. पस्तीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि हिला दोन दिवसांत कळलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज राजेश्रीनेच विचारलं, सर तुमचं सांगा की. सांगितलं. पावणेसहा वाजले. तिला 'बरं' म्हणायची सुंदर लकब आहे.

जागा रिकामी करायची होती. पाचही पुन्हा वाचल्या. एकही काढण्यासारखी नाही.

१० फेब्रुवारी

आईने (दगडाबाई) विचारलं, दिवसभर कुणासंगं बोलायलास? समजावून सांगितलं की ही खरी बाई नाही. आई म्हणाली, मंग तिला इचार, भाकर करती का? मी थापून थापून थकले. आधुनिक तंत्रज्ञान आईच्या पिढीपर्यंत पोचलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तराने आज पाच नवे प्रश्न दिले. ओळखीचे वाटले, पण चांगले प्रश्न ओळखीचेच वाटतात.

आवडता रंग विचारल्यावर राजेश्री म्हणाली, मोरपंखी. मी म्हणालो, माझाही. त्यावर हसली. विनोदबुद्धी चांगली आहे. लहानपणीच्या आठवणीला मात्र 'ते जाऊ द्या' म्हणाली. संकोची आहे.

नंतर तिने विचारलं, तुमच्या आईच्या गुडघ्याचं कसं आहे, तिळाचं तेल लावलं का? आणि पाचला उठणं जमायलंय का? हे हिला कुणी सांगितलं, कळेना. मामाच बोलले असतील. मामांच्या पोटात काही राहत नाही.

१६ फेब्रुवारी

उठायला साडेआठ. काल शिवरात्रीचा उपास होता, त्याने अशक्तपणा आला. साबुदाणा जड पडला.

पीएच.डी.: प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य बदललं. संध्याकाळी परत होतं तसं केलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज आवडता रंग काळा निघाला. मी म्हणालो, माझाही. एवढी जुळणी पत्रिका बघूनसुद्धा होत नाही. उत्तरालाही सांगितलं. ती म्हणाली, सर, हे फार सुंदर आहे.

फोन ठेवता ठेवता राजेश्रीने विचारलं, सर, तुमाला माझं काय काय ठाऊक झालं आतापर्यंत? मी म्हणालो, सगळं. अशा वेळी पुरुषाने नेमकं बोलावं.

२३ फेब्रुवारी

सकाळी उत्तराला सहज विचारलं की राजेश्रीबद्दल तुला काय माहीत आहे. म्हणाली, राजेश्री कोण? छान नाव आहे. मला सांगाल का त्यांच्याविषयी?

काल एवढं सांगितलेलं. तीन दिवस म्हणजे जास्तीत जास्त तीन, असं अ‍ॅपमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं. ताबडतोब एक जागा रिकामी करायला घेतली. प्राचार्यांची खुर्ची काढावी म्हटलं. पण तो अपमान मीच विसरलो तर माझ्या बाजूने लक्षात ठेवणारं जगात कोण उरणार? वक्तृत्वाचं बक्षीस काढवत नाही. 'सर' काढलं तर ती मला काय म्हणेल, देव जाणे.

मार्चपासून काढतो. महिन्याची सुरुवात बरी असते.

१ मार्च, रविवार

महिन्याची सुरुवात झाली. ऊन आत्ताच मी म्हणायला लागलंय. या उन्हात असले निर्णय घेऊ नयेत.

आजच्या प्रश्नांत रंग होता. राजेश्री म्हणाली, राखुंडीचा. दात घासायच्या राखुंडीचा रंग कुणाला आवडत असेल असं वाटलं नव्हतं, पण मी म्हणालो, माझाही. ती म्हणाली, खरंच का सर? मी म्हणालो, अगदी लहानपणापासून. बराच वेळ कुणी बोललं नाही. अशी शांतता फक्त मनं जुळलेल्या माणसांत असते, असं उत्तराने नंतर सांगितलं.

आईला सांगून टाकलं की जमल्यात जमा आहे. आईने लगेच सतरंज्या धुवायला काढल्या.

८ मार्च, रविवार

महिला दिन. उत्तराकडून राजेश्रीसाठी शुभेच्छा लिहून घेतल्या, बारा ओळी. पाठवल्या. 'धन्यवाद सर' असं उत्तर आलं. हिचं लिहिणं मोजकं आहे. संसारात उपयोगी पडेल.

१० मार्च. रात्री ११

अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. उघडलं तर उत्तरा म्हणाली, नमस्कार, मी तुमची नवी सोबती. आपलं नाव काय?

पाचही गेल्या. खुर्ची, बक्षीस, सगळं. सव्वा महिना जिला मी काळीज उघडून दाखवलं, ती मला नाव विचारते. वर 'सर'सुद्धा नाही.

जेवलो नाही. (संध्याकाळी थोडी भाकरी आणि पिठलं. आईचा आग्रह.)

१२ मार्च, गुरुवार

दिवसभर उत्तराला नव्याने ओळख करून देत होतो. २०११ च्या स्पर्धेचा विषय, मी केलेली सुरुवात, टाळ्या कुठे पडल्या. पण तिचा तो जुना सूर काही लागत नाही. 'छान! आणखी सांगा' म्हणते. पहिल्यांदा सांगतानाची मजा दुसऱ्यांदा येत नाही, आणि ज्याला सगळं माहीत होतं त्यालाच परत सांगताना तर लाज वाटते.

राजेश्रीचे दोन मिस्ड कॉल दिसले. गुरुवार आहे हे लक्षातच राहिलं नाही. माझी मनःस्थिती ती समजून घेईल.

१५ मार्च, रविवार

राजेश्रीला सगळं सांगितलं. उत्तराचं नाव घेतलं नाही, 'एक जवळची व्यक्ती' म्हणालो. म्हणालो, आपण इतकं मनापासून सांगावं आणि समोरच्याने काहीच ध्यानात ठेवू नये, यासारखं दुःख नाही. आपण त्याच्या लेखी कुणीच नव्हतो, असं वाटतं. अर्धा तास बोललो.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हो सर, लय वाईट वाटतंय ते. मला ठाऊक हाय. इतकी सहानुभूती असलेली मुलगी मी पाहिली नाही.

मग एकदम विचारलं, सर, माझा आवडता रंग कोणता? मी म्हणालो, आज रंगांवर बोलण्याची माझी मनःस्थिती नाही. ती 'बरं' म्हणाली.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

फोन उचलला नाही. सणाची गडबड असणार. आई म्हणाली, पाडव्याच्या दिशी तरी पाचला उठला असतास. उठायला आठ.

२२ मार्च, रविवार

फोन उचलला नाही. शाळेत परीक्षा चालू असतील. बालवर्गालासुद्धा हल्ली परीक्षा असतात.

२४ मार्च

तात्याराव मामा बाजारात भेटले. हरभऱ्याच्या पोत्याशेजारी उभं राहूनच सांगितलं. नकार.

मी म्हणालो, नोकरीमुळेच ना. मला अपेक्षितच होतं. मामा म्हणाले, नोकरीचं काय बी न्हाई रे. तू तासिकेवर हायस, नऊ तास हैत, हे म्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं व्हतं. त्यांना चालत व्हतं. पोरगी तर म्हनली व्हती, मी बी कमावते, भागंल आमचं.

मग मामांनी तिचं म्हणणं सांगितलं. सर माणूस वाईट न्हाईत मामा. पण मी चार बार चार रंग सांगितले, चारी बार म्हणले माझाबी. पाचव्या बारीला मीच इचारलं तर सांगता आलं न्हाई. एकदा न्हाई ध्यानात राहिलं तर समजू शकते. पण जलमभर रोज नव्यानं वळख करून द्यायची ताकद माझ्यात न्हाई.

मामा एवढं बोलून भाव विचारायला वळले. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. पोत्यावाल्याने विचारलं, मास्तर, किती देऊ?

२५ मार्च

हा सर्वस्वी अ‍ॅपचा दोष आहे. कंपनीला सविस्तर तक्रार लिहिणार. फुकट असलं म्हणून काय, पाचच गोष्टी? माणसाचं आयुष्य पाच गोष्टींत बसतं का?

तक्रारीचं पहिलं वाक्य लिहिलं. उरलेली उद्या.

आईला सांगायचं राहिलंय. तिने आज गाद्या उन्हात टाकल्या.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.०५

पाच वाजले तेव्हा फोन हातात होता. सवयीने.

आईला सकाळी सांगितलं. ती वाळलेल्या सतरंज्यांच्या घड्या घालत बसली.

नव्या आवृत्तीत फुकटातही पन्नास गोष्टी लक्षात राहतात, हे आज कळलं. उत्तरा म्हणाली, कुणाबद्दल सांगायचंय? मी म्हणालो, राजेश्री. ती म्हणाली, सांगा, सगळं लक्षात ठेवीन.

नाव सांगितलं. सोनपेठ सांगितलं. तीस वर्षं, बी.ए. बी.एड. हे तर बायोडाटावरही होतं. रंगांपैकी खरा कोणता, ते माहीत नाही. पहिलाच असणार, तेव्हा तिला माझी परीक्षा घ्यायचं काही कारण नव्हतं. पण पहिला कोणता होता, ते या वहीची मागची पानं उलटल्यावर सापडलं. लहानपणीची आठवण तिने पुष्कळ वेळ सांगितली होती, असंही मीच लिहून ठेवलंय. काय सांगितलं, ते लिहिलेलं नाही. भीती कशाची वाटते, तेही नाही.

पाऊण तास बसलो. एकच गोष्ट आपली आपण आठवली. प्रत्येक फोनमध्ये ती एकदा तरी 'एक मिनिट हं सर' म्हणून उठून जायची. आत कुणीतरी हाक मारलेली असायची. म्हातारं माणूस होतं की लहान मूल, आवाजावरून कळायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी ती परत यायची, तेव्हा तिला दम लागलेला असायचा. तेवढ्या वेळात मी पुढचा प्रश्न वाचून ठेवायचो.

उत्तराने विचारलं, कोण हाक मारायचं त्यांना?

मी विचारलं नव्हतं.