खांबामागचे माहेर

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा घरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझ्या काळजी करण्याच्या सवयीला उद्या कुणी वेड म्हणू नये. मला कुणी दटावलेले नाही, गोड बोलून कुणी लिहून घेतलेले नाही. शाळा मी लवकर सोडली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर फक्त ऱ्हस्व-दीर्घच चुकले असे समजावे, अर्थ चुकला असे समजू नये. जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, पुन्हा नीट उतरवून काढा." पण उतरवताना नव्या चुका होतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून जसे लिहिले तसे राहू द्यावे.

माझे वारस दोन. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. त्यांची आई चार वर्षांपूर्वी गेली.

कलम १. घर. दुकानावरच्या दोन्ही खोल्या मुलगा आणि मुलगी यांना समान. जिन्याची मधली पायरी हलते. ती दुरुस्त करून घ्यावी. मी जन्मभर बिघडलेल्या वस्तूंचे कौतुक केले म्हणून पायरीचेही करावे असे नाही. पायरीवरून माणूस पडतो.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलीला. मुलानेच तसे सुचवले होते. तरी त्याला आतून वाईट वाटत असेल तर मी जिवंत आहे तोवर सांगावे. मागाहून वाटून उपयोग नाही.

कलम ३. दुकान. खालचे दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे शटर, मागे मोरी. ते दोघांचे. पण त्यात जे मशीन चालू आहे त्याबद्दल वेगळे लिहावे लागेल, आणि त्यासाठी थोडे मागचे सांगितले पाहिजे.

आधी मी तिथे रेडिओ दुरुस्त करत असे. लोकांनी रेडिओ ऐकणे सोडले तेव्हा व्हिडिओ गेमची जुनी मशिने आणून बसवायचे ठरवले. गोदामात गेलो तर चांगली मशिने समोरच्या दुकानदाराने आधीच उचलली होती. हा रस्त्याच्या पलीकडचा. मी गेमचे दुकान काढणार हे माझ्याच तोंडून ऐकले आणि माझ्याआधी काढले. मला उरलेसुरले मिळाले. त्यातलेच हे एक, तलवारवाल्या शिपायाचे. त्या गेमचे खरे नाव कुणालाच माहीत नाही, कारण नाव पडद्यावर येते तेव्हा अर्धी अक्षरे बाहेरच राहतात.

ज्याने कुणी तो बनवला त्याला घाई असावी. शिपाई एकच पाय उचलतो, दुसरा फरपटतो. म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला लंगडा म्हटले, आणि पुढे दुकानालाही लंगड्याचे दुकान म्हणू लागले. शत्रू पुढे असला तर तलवार मागे लागते. विहिरीवरून उडी मारली तर कधी कधी तो हवेतच बसतो आणि खाली यायचे विसरतो. सर्वात मोठी चूक गाण्यांची. किल्ली सापडली की रडके सूर वाजतात, आणि लंगडा मेला की जिंकल्याचे गाणे, ढोल-तुताऱ्यांसकट! त्यामुळे पोरे मुद्दाम मरत आणि मेल्यावर नाचत. शेजारच्या न्हाव्याची गिऱ्हाइके अर्धी दाढी घेऊन येत, नाचत आणि उरलेली दाढी करायला परत जात. समोर लोक जिंकायला जात, माझ्याकडे हसायला येत. चौथा पूल कुणीच ओलांडला नाही. पलीकडे काही बनवलेच नव्हते असा माझा अंदाज आहे.

कलम ४. मशीन. माझी बायको दुपारी डबा घेऊन दुकानात येई. पहिल्या दिवशी म्हणाली, "अहो, ह्यापेक्षा रेडिओ बरे होते. बिघडले की गप्प तरी बसायचे." पुढे एक दिवस डबा टेकवला आणि म्हणाली, "सरका, बघू." त्या दिवसापासून मी गार जेवलो. ती लंगड्याशी बोलायची. "अरे मेल्या, दुसरा पाय काय गहाण टाकलायस?" पोरे मागून ओरडत, "काकू, पाठ करा, पाठ करा! पाठ केली की पुढचा मरतो!"

तिसऱ्या पुलावर एक दगडी खांब आहे. त्याच्या मागची जागा तिने शोधली. तिथे लंगड्याला उभे केले की शत्रूंना तो दिसत नाही. ते येतात आणि खांबाला नाक घासत राहतात. वरचे घड्याळसुद्धा थांबते. बनवणाऱ्याची चूकच ती. बायकोने त्याला तिथे उभे केले, मशीनची दांडी सोडली, बोटे मोडली आणि म्हणाली, "हे ह्याचं माहेर. इथे त्याला कुणी काही बोलत नाही." तेव्हापासून तोच शब्द पडला. कुणी अडचणीत आला की सगळे दुकान ओरडे, "माहेरी जा, माहेरी जा!" ती तर लंगड्याला माहेरी ठेवून वर जाऊन कुकर उतरवून येई आणि डाव पुढे सुरू करी.

शेवटच्या दिवशीही तिने तेच केले. म्हणाली, "छातीत जरा जड वाटतंय. दाखवून येते. डावाला हात लावू नका हं." दवाखान्यातून ती परत आली नाही.

डाव तसाच आहे. मी दुकान बंद केले, बाकीची मशिने विकली, हे चालू ठेवले. मागे मोठी बॅटरी बसवली आहे. वीज गेली की मी बॅटरीपाशी जाऊन बसतो. ढग दिसले तरी बसतो. पडद्याचा उजेड मंद झाला आहे, पण लंगडा खांबामागे उभा आहे. तरी माझ्या पश्चात हे मशीन कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये. बॅटरीत पाणी वेळेवर घालावे. हे कोण करील ह्या एका काळजीने मला झोप लागत नाही, आणि हे मृत्युपत्र त्यासाठीच लिहायला घेतले आहे. घर आणि बँक ओघाने आले.

कलम ५. सोल्डर गन, मल्टिमीटर, पकडी आणि स्क्रूचे डबे मुलाला. तो मोठ्या कंपनीत गेममधल्या चुका शोधून काढायचे काम करतो. लहानपण लंगड्यापुढे गेले म्हणून ही नोकरी लगेच मिळाली असे मी चारचौघांत सांगतो. त्याला ते आवडत नाही. मागे एकदा तो लॅपटॉप घेऊन आला. तोच गेम त्याने पहिल्यापासून नीट बनवला होता.

"बाबा, बघा. आता सरळ चालतो."

खरोखरच दोन्ही पाय उचलत होता. तलवार पुढे लागत होती. मी तिसऱ्या पुलापर्यंत गेलो आणि सवयीने खांबामागे उभा राहिलो. शत्रूने खांबाला वळसा घातला आणि मला मारले. मग रडके गाणे वाजले.

"छान केलंयस," लॅपटॉप मिटत मी म्हणालो.

"मग बंद का केलंत?"

"डोळ्यांना त्रास होतो रे."

त्याने लॅपटॉप पुन्हा उघडून तो खांब पाहिला. मग म्हणाला, "आईचं माहेर बुजवलं मी."

त्यात त्याचा दोष नाही, कामच ते आहे. पण सवड होईल तेव्हा त्याने ती एक चूक परत घालावी. मला विचाराल तर सगळ्याच घालाव्यात.

कलम ६. डोळ्यांच्या डॉक्टरांविषयी. मागच्या वर्षी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. साखर वाढल्यामुळे मला तिथे बरेच दिवस ठेवून घेतले. तेव्हा मशीन मुलीच्या ताब्यात होते. ती पलीकडच्या गल्लीत राहते आणि शिवणकाम करते. तिला हा गेम कधीच आवडला नाही. लहानपणीसुद्धा "मला नाही खेळायचा तो रडका गेम" म्हणून पायरीवर जाऊन बसायची. तरी तिने मशीन सांभाळले. परंतु घरी आल्यापासून मला लंगडा दोन दिसतो. कप एक दिसतो, जिना एक दिसतो, समोरचा दुकानदार सुदैवाने एकच दिसतो. फक्त लंगडा दोन. एक ठळक, एक पुसट, पाठीला पाठ लावून. डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा गेलो. ते म्हणतात, "आजोबा, डोळे उत्तम आहेत." उत्तम असते तर दोन दिसले असते का? माझ्या पश्चात माझे डोळे दान करायचे आहेत. ते त्या दवाखान्यात देऊ नयेत. बिघडवलेली वस्तू बिघडवणाऱ्याकडे परत देऊ नये.

कलम ७. समोरच्या दुकानदाराला माझे डुगडुगणारे स्टूल. त्याने भर गिऱ्हाइकांत माझ्या मशीनला कचरा म्हटले होते. त्याचेही दुकान आता बंद आहे. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन ह्याच स्टुलावर बसतो आणि रोज स्टुलाला नावे ठेवतो. आता घरी नेऊन ठेवावीत.

(इथपर्यंत काल लिहिले. पुढचा मजकूर आज, साक्षीदार येऊन बसल्यावर.)

साक्षीदार म्हणून समोरचा दुकानदार आणि शेजारचा न्हावी यांना बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये.

"म्हणजे सही केली तर स्टूल नाही?" समोरचा म्हणाला.

"नाही."

"मग स्टूल मला आत्ताच दे. सही नंतर करतो."

मी दिले. मग म्हणाला, सगळे वाचून दाखव. साक्षीदाराला मजकूर माहीत असायची गरज नाही असे वकीलबाईंनी सांगून पाहिले. "न वाचता सही करायला मी काय दूधखुळा आहे?" म्हणून त्याने कागद ओढून घेतले. कचरा हा शब्द वाचून हसला. तो आधी कलम ७ वाचणार हे मला माहीत होतेच. मग मागे आला आणि कलम ६ वर थांबला.

"अरे, तुझे डोळे नाही बिघडलेत. उगाच त्या डॉक्टरला कशाला शिव्या?"

"मग दोन का दिसतात?"

तो न्हाव्याकडे बघू लागला. न्हावी म्हणाला, "सांगून टाक आता. तसंही तुझ्या पोटात काही राहत नाही."

समोरचा म्हणाला, "तू दवाखान्यात होतास तेव्हा आपल्या रस्त्याची केबल जळली. रात्रभर लाइट नाही, दुसरा दिवसभर नाही. तुझी ती बॅटरी पण बसली."

"मशीन बंद पडलं?"

"पडलं. लाइट आल्यावर तुझी पोरगी अर्धं शटर ओढून खेळायला बसली. रोज. ते तुझं जिंकल्याचं गाणं वाजतंय, वाजतंय, थांबतच नाही. माझं डोकं उठलं. भांडायला म्हणून गेलो, तर बाई एकीकडे रडतेय आणि एकीकडे खेळतेय. म्हणाली, 'काका, बाबा घरी यायच्या आत ह्याला माहेरी पोचवायचंय. बाबांना सांगू नका.'"

न्हावी म्हणाला, "आणि पोचवला तिने. त्या दिवशी गाणं वाजलं नाही, तेव्हा आम्हाला कळलं."

मी उठून मशीनपाशी गेलो आणि काचेला नाक लावून पाहिले. जन्मभर पडदे दुरुस्त केले आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये! एकच चित्र वर्षानुवर्षे राहिले की जुन्या पडद्याची काच ते धरून ठेवते. पुसट लंगडा काचेत मुरलेला आहे. तो खांबाकडे तोंड करून उभा आहे, बायकोने ठेवला होता तसा. ठळक लंगडा मुलीचा. तो थोडा अलीकडे आहे आणि त्याचे तोंड रस्त्याकडे आहे. मी घरी आलो तेव्हा मुलीचा अंगठा सोलला होता. विचारले तर म्हणाली, "इस्त्री लागली, बाबा."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, आज राहू द्यायचं का?" मी म्हणालो, नाही, आजच.

कलम ८. फेरफार. कलम ६ पूर्ण रद्द. डोळे त्याच डॉक्टरांना द्यावेत आणि माझ्या वतीने माफी मागावी. कलम ७ रद्द, स्टूल दिले आहे.

कलम ४ मध्ये डाव बायकोचा आहे आणि तो कोणी बंद करू नये असे मी लिहिले आहे. ते चूक आहे. पडद्यावरचा डाव माझ्या मुलीचा आहे. जे माझे नाही ते मला कुणाला देता येत नाही आणि त्यावर अटही घालता येत नाही, असे वकीलबाईंनी समजावून सांगितले. मला पटले. म्हणून मशीन मुलीला, आणि डाव तिचा होताच.

तिने मला हे सांगितले नाही, मीही विचारणार नाही. हे वाचेल तेव्हा मला कळले होते एवढे तिला कळावे. बायकोचा लंगडा काचेत आहे, तो वीज गेली तरी जात नाही. त्यामुळे विजेची काळजी मी आजपासून सोडली आहे. बाकीच्या काळज्या चालू आहेत.

कलम ९. मुलीला वाटले तर मशीन चालू ठेवावे. वाटले तर बंद करावे. आणि वाटले तर तिने लंगड्याला माहेराहून बाहेर काढून पुढे खेळावे. चौथ्या पुलावर तो मरेल, तिथे सगळेच मरतात. मग ते गाणे वाजेल. मी गेल्यावर दुकानात माणसे जमलेली असताना ते वाजले तर तिला कुणी रागावू नये. शटर मात्र पूर्ण वर करावे, म्हणजे समोरपर्यंत ऐकू जाईल.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोघांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

सही: लंगड्याच्या दुकानाचा मालक

साक्षीदार: १. समोरचा दुकानदार (सहीखाली त्याच्या अक्षरात: स्टूल मिळाले. डुगडुगते. चालेल.)
२. शेजारचा न्हावी

ठिकाण: दुकान, मशीनसमोर
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे ती. तारखेची मला खात्री नाही. वार रविवार, लाइट आहे.