लोखंडी तारेचा जांभळा डाग

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता सोडून दे, असं घरचे म्हणतात. नाही सोडत.

बोईसर स्टेशनजवळच्या तुमच्या लॅबमध्ये मी काम शिकत होते. तुम्ही सांगत होतात की कॉलऱ्यासारख्या काही जंतूंच्या अंगात सायटोक्रोम नावाची प्रथिनं असतात, त्यांत लोह असतं. ती एकाकडून इलेक्ट्रॉन घेतात, पुढच्याला देतात, स्वतःकडे ठेवत नाहीत. आम्ही आपल्या माना डोलावत होतो. तुम्ही वैतागून म्हणालात, "तारापूरला बोट लागली की बायका रांगेत उभ्या राहून माशांच्या पाट्या हातोहात पुढे देतात ना? तसंच हे." मला लख्ख कळलं. त्या रांगेत माझी आई असायची. मग तुम्ही त्याची चाचणी दाखवलीत. रसायनात भिजवलेल्या कागदावर जंतू घासायचे. ते प्रथिन असेल तर कागद जांभळा होतो. पण घासायचं लाकडी काडीनेच, कारण लोखंडी तार घेतली तर तारेनेच कागद जांभळा होतो. मी एकदा चुकून तार उचलली तेव्हा सगळ्यांदेखत "डोकं घरी ठेवून आलीस का?" म्हणालात. चूक माझीच होती, म्हणून ते मी गिळलं.

मग आमच्या मांगेलआळीत, मच्छीमारांच्या वस्तीत, जुलाबाची साथ आली. आळीच्या विहिरीचं पाणी तुमच्याकडे आलं, त्यातले जंतू तुम्ही बशीत वाढवलेत. त्या दिवशी काड्या संपलेल्या. तुम्ही सरळ तार उचलता. मी म्हणते, "सर, ती लोखंडाची आहे." तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुमच्या आळीत दुसरं काय निघणार? उगाच मनाला लावून घेऊ नकोस." कागद जांभळा झाला, आणि पुढची एकही तपासणी न करता तुम्ही कॉलरा असल्याचं कळवून मोकळे झालात.

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून भरली पाटी घेऊन परत आली. कारखान्यातलं तिचं रोजचं गिऱ्हाईक लांबूनच ओरडलं होतं, "मौसी, कॉलरावाली मच्छी नहीं चाहिए!" आई ओट्यावर बसून मलाच विचारत होती, "आमची बाव घान हाय? तुजे सर सांगतान?" बाव म्हणजे विहीर. तिथलंच पाणी पिऊन मी मोठी झाले होते. पुढे सरकारी लॅबमध्ये तेच पाणी स्वच्छ निघालं. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि पेपर उघडलात. तोवर बाजारातली आईची जागा दुसरीने धरली होती. ती परत मिळालीच नाही. गुडघे जाईपर्यंत आई दारोदार मासे विकत फिरली, आणि तुम्ही तिच्या दारात येऊन "चुकलो" एवढा एक शब्द कधी बोलला नाहीत. तुम्ही उद्धट होतात, आळशी होतात, आणि आमची तुम्हाला किळस होती.

आता मीही मुलांना हेच शिकवते. काडी संपली तर चाचणी उद्या, हा माझा नियम. सायटोक्रोम आलं की मात्र दरवर्षी दुसरं उदाहरण शोधते, फळ्यापाशी अडते आणि शेवटी तुमच्याच माशांच्या पाट्या काढते. त्याहून चांगलं मला सुचलेलं नाही. तुम्ही जिवंत असतात, तर हे तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं.