फक्त मास्क

अमरावती,
८ जून २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

वि. वि. फोनवर तुमचा आवाज येणार नाही, हे कळतं. पण मोबाइलवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, म्हणून कागद घेतला. दवाखान्यातून तुम्हाला अकोल्याच्या घरी आणल्यापासून मी इतक्यांदा येऊन गेले. प्रत्येक वेळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात. संघपाल म्हणतो, बाबा थकतात. माझ्या या भावाला लहानपणापासून खोटं धड बोलता येत नाही.

इथं ऊन अजून उतरलेलं नाही. तुमच्या नातीला, नीलमला, पुण्याच्या कॉलेजात जायचं आहे. मी नाही म्हणते आणि ती बॅग भरते.

वर्षावास जवळ आला. दर पावसाळ्यात तीन महिने विहारात तुम्ही ग्रंथ वाचायचात आणि सारी वस्ती ऐकायची. यंदा कोण वाचणार, हे विचारायची हिंमत होत नाही, तरी विचारते.

तुम्ही रागावला आहात. रागवा, पण मला कळेल असं रागवा. सोबत कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

तब्येत जपा. माझ्यावरची माया आटली असेल तर तसंही कळवा.

तुमची,
संध्या

अकोला,
१५ जून २०२५

चि. संध्याला मंगल कामना.

कागद मिळाला.

तुझ्या आईला नळी घातली होती. शेवटच्या दिवसांत ती डोळ्यांनी काहीतरी मागत होती. ते काय, हे आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून गेल्यावर मी तुला आणि पौर्णिमेला समोर बसवलं. माझ्या घशात नळी घालू देणार नाही, असा शब्द मागितला. लेकीनं दिला, सुनेनं दिला. संघपालला मागितला नाही. तो रडला असता.

मार्चमध्ये न्यूमोनिया झाला. दम लागत होता, पण मी शुद्धीवर होतो. डॉक्टरांची धावपळ पाहून तुला विचारलं, हे काय करताहेत? तू माझा हात धरून म्हणालीस, नळी नाही बाबा, फक्त मास्क. मी इंजेक्शन टोचू दिलं. जाग आली तेव्हा घशात नळी होती. ती बरेच दिवस राहिली. निघाली तेव्हा आवाज गेलेला होता.

आवाजाचं मी तुला विचारत नाही. नळी डॉक्टरांनी घातली. ‘फक्त मास्क’ तू म्हणालीस.

आचलनं माझ्या खाटेला सायकलची घंटी बांधली आहे. पाणी हवं असलं की वाजवतो. तिचा भाऊ पिंटू ओरडतो, बाजूले व्हा, आजोबा येऊन राहिले!

नीलमला जाऊ दे.

बाबा

अमरावती,
२० जून २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

वि. वि. पत्र पोचलं. तुमचं अक्षर पाहून आधी आनंद झाला. मग वाचलं.

डॉक्टर मला म्हणाले होते, तुमच्या आईचं शरीर संपलं होतं, यांचं तसं नाही. थोडे दिवस मशीन लावू, मग काढू. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. मग मी काय करायचं होतं? दिलेला शब्द पाळत तुमच्या उशाशी बसून राहायचं?

बाबा, तुम्ही जिवंत आहात. आचल दहावी पास झाली त्याचा पेढा तुम्ही खाल्लात. तो माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण मनात येतं.

फोनवर संघपाल ‘विश्वासघात’ म्हणाला. हा शब्द त्याचा की तुमचा? दगा देणाऱ्याचा त्यात काही फायदा असतो. माझा काय होता?

गोळ्या वेळेवर घ्या. रागातून थोडी जागा माझ्यासाठी काढा.

तुमची,
संध्या

अकोला,
२६ जून २०२५

ताईंना सप्रेम जयभीम.

वि. वि. मामाजींनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. ते लिहायला बसले आणि मग माझ्याकडे कागद सरकवला. म्हणून हे मी लिहिते आहे.

फायदा विचारता. तुमचा बाप तुम्हाला राहिला, हा फायदा नाही?

त्या दिवशी मी म्हटलं होतं, ताई, मामाजीले आधी सांगा, ते शुद्धीवर आहेत. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, तू सून आहेस, बाप माझा आहे. मी बाहेर जाऊन बाकावर बसले. ताई, या घरात येऊन मला वीस वर्षं होत आली. मामाजींना काय लागतं ते न विचारता मला कळतं.

आता खरं ऐका. नळी घालावी असं मलाही वाटत होतं. मामाजी गेले असते तर हे घर, घर राहिलं नसतं. पण मग त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं, की आमी तुमचं ऐकत नाही. भांडायचं होतं. डॉक्टर थोडं थांबायला तयार होते. तुम्ही थांबला नाहीत.

विहारात देवमनभाऊंनी वाचून पाहिलं. मधे थांबणं नाही, श्वास नाही, स्टँडवरून बस सुटावी तसं. मागून बाया म्हणाल्या, देवमनभाऊ, दम घ्या ना थोडा, आमी कुठं पळून राहिलो? मामाजी हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात.

माझा राग आहे. तुमच्यासाठी लोणच्याची बरणीही भरून ठेवली आहे. दोन्ही घ्यायला या.

तुमची,
पौर्णिमा

अकोला,
२९ जून २०२५

चि. संध्याला मंगल कामना.

तू लिहितेस, मी जिवंत आहे. आहे, आणि मला बरं वाटतं. सकाळी अंगणात खुर्ची टाकून देतात. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण हात करतो. हे मिळालं नसतं. ते मी नाकारत नाही.

पण मी जगलो म्हणून तू खरं बोललीस, असं होत नाही. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ आहेत. एकीनं दुसरी पुसली जात नाही.

तुझा काय फायदा, ते मी शोधत बसलो नाही. माझं काय झालं ते सांगतो. पौर्णिमा गोळी देते. मी पाटीवर लिहितो, कशाची? ती सांगते. मग मी गोळीचं पाकीट मागतो आणि नाव वाचतो. पौर्णिमा माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही, तरी मागतो. ती आणून देते. तेव्हा मला माझीच लाज वाटते.

डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यात छाती परत भरू शकते. म्हणून शब्द पुन्हा मागतो आहे. पौर्णिमेनं दिला. तुझाही हवा आहे. वर्षावास सुरू होण्याआधी कळव. एक ओळ पुरे.

बाबा

अमरावती,
३ जुलै २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

वि. वि. एका ओळीत होत नाही.

‘हो’ लिहिणं सोपं आहे. त्या दिवशी मी शब्द दिला तो खोटा नव्हता. तुम्ही समोर धडधाकट बसला होतात. शब्द द्यायला काही लागलं नाही. मग मार्चमध्ये तुमचे ओठ निळे पडलेले पाहिले. पुन्हा तसे दिसले तर मी पुन्हा डॉक्टरांना म्हणेन, घाला. हे मला आजच माहीत आहे.

म्हणून शब्द देत नाही.

दवाखान्याच्या कागदावर माझं नाव ठेवू नका. पौर्णिमेचं ठेवा. बाप माझा आहे, हे त्या दिवशी तिला ज्या सुरात म्हणाले तो सूर माझ्या कानातून जात नाही. ते मी तिला येऊन सांगेन, पत्रात नाही. वेळ आली तर संघपालला म्हणावं, ताईला बाहेर धरून ठेव. तेवढं त्याला जमेल.

एवढंच देता येतं. पुढच्या वेळी तुम्ही विचारलंत, हे काय करताहेत, तर जे करताहेत तेच सांगेन.

यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तरी मी येईन.

तुमची,
संध्या

अकोला,
८ जुलै २०२५

चि. संध्याला मंगल कामना.

पत्र पौर्णिमेला दाखवलं. ती म्हणाली, ताई काही सुधरत नाहीत. भांडी घासून झाल्यावर परत आली आणि म्हणाली, पण या बारीनं खरं बोलून राहिल्या.

माझ्या वतीनं दवाखान्याशी कोण बोलेल, ते सही करून ठेवलं. पौर्णिमेचं नाव घातलं. तुझं काढलं. तुला वाईट वाटेल. सही करताना मलाही वाटलं.

तुझ्यावर पहिल्यासारखा विश्वास बसला, असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

संघपाल तुला बाहेर धरून ठेवणार नाही. मी त्याला तसं लिहून दिलं आहे. ठरवायला पौर्णिमा असेल. तू आत ये आणि माझ्याजवळ बस. मी पाटीवर विचारीन. तू सांग.

बाबा